अँड्रॉइड स्टुडिओ अडकतो तेव्हा नेमकं काय अडकतं?

अँड्रॉइड स्टुडिओ रुसला की काय करायचं, याचा क्रम बहुतेकांना तोंडपाठ असतो. आधी बंद करून पुन्हा उघडायचा. मग ‘क्लीन प्रोजेक्ट’, मग ‘रीबिल्ड’. तरीही जमलं नाही तर ‘इनव्हॅलिडेट कॅशेस’. अगदीच हात टेकले की सगळं अनइन्स्टॉल करून नव्याने डाउनलोड. यातल्या कुठल्यातरी टप्प्यावर काम सुरू होतं, पण ते कशामुळे सुरू झालं हे कळत नाही. त्यामुळे पुढच्या आठवड्यात तोच त्रास आणि पुन्हा तोच क्रम. कॉलेजचा प्रोजेक्ट करणारा विद्यार्थी आणि कंपनीत चार वर्षं काढलेला डेव्हलपर, दोघांची गत सारखीच.

क्रम पाठ करण्यापेक्षा एक सवय जास्त उपयोगी पडते. काहीही दाबण्याआधी कोण अडकलंय ते पाहायचं. कारण पडद्यावर एकच खिडकी दिसत असली तरी मागे चार-पाच वेगवेगळे प्रोग्रॅम चालू असतात. पहिला स्वतः स्टुडिओ, म्हणजे जेटब्रेन्सच्या इंटेलिजे आयडियावर गूगलने उभा केलेला संपादक. दुसरा ग्रेडल डेमन, जो प्रत्यक्ष बिल्ड करतो आणि बिल्ड संपल्यावरही पुढच्या वेळेसाठी जागा राहतो. तिसरा कोट्लिन कंपायलरचा डेमन. चौथा एम्युलेटर. पाचवा एडीबी, म्हणजे फोनशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम. विंडोजवर टास्क मॅनेजर उघडलात तर ग्रेडल आणि कोट्लिन ‘ओपन जेडीके प्लॅटफॉर्म बायनरी’ अशा एकाच नावाने दिसतात आणि एम्युलेटर ‘क्यूईएमयू’ या नावाने. स्टुडिओ बंद केल्यावरही यातली काही नावं यादीत राहिलेली दिसू शकतात. ‘सगळं बंद केलं तरी लॅपटॉप तापतोय’ या तक्रारीचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं.

आठ जीबीचा हिशोब

नवा प्रोजेक्ट तयार करताना स्टुडिओ ‘ग्रेडल डॉट प्रॉपर्टीज’ या फाइलमध्ये ग्रेडलसाठी २०४८ एमबी हीपची मर्यादा लिहून ठेवतो. कोट्लिनचा डेमन वेगळं काही सांगितलं नसेल तर तीच मर्यादा उचलतो. म्हणजे दोघांचे मिळून ४ जीबी. स्टुडिओची स्वतःची मर्यादा आवृत्तीनुसार सव्वा ते दोन जीबी. एम्युलेटरमधल्या फोनला साधारण २ जीबी. बेरीज आठच्या घरात जाते, आणि यात विंडोज, क्रोमचे टॅब, हीपच्या बाहेर लागणारी मेमरी हे काहीच धरलेलं नाही. मर्यादा म्हणजे रोजचा वापर नव्हे हे खरं, पण मोठा बिल्ड चालू असताना सगळे एकदमच वर चढतात. रॅम संपली की विंडोज डिस्कवर लिहू लागतं आणि माऊसचा बाणसुद्धा अडखळतो. अशा वेळी ‘स्टुडिओ हँग झाला’ असं आपण म्हणतो, पण स्टुडिओचा त्यात फारसा दोष नसतो.

या बेरजेतून एक गोष्ट लक्षात येते. इंटरनेटवर सर्रास मिळणारा ‘हीप वाढवा’ हा सल्ला आठ जीबीच्या मशीनवर अनेकदा उलटा पडतो. स्टुडिओला चार जीबी दिलेत तर ते ग्रेडल आणि एम्युलेटरच्या वाट्यातून जातात. स्टुडिओच्या खालच्या पट्टीवर राइट क्लिक करून ‘मेमरी इंडिकेटर’ चालू करा आणि दोन दिवस काम करताना त्याकडे नजर ठेवा. आकडा सतत मर्यादेला टेकत असेल, टाइप करताना दर थोड्या वेळाने झटका बसत असेल, तरच मर्यादा वाढवा. तीही ‘मेमरी सेटिंग्ज’मधून थोडी थोडी. आकडा निम्म्यावरच घुटमळत असेल तर हीप वाढवून काहीच हाती लागणार नाही.

खरी बचत दुसरीकडे आहे. टर्मिनलमधून बिल्ड करणाऱ्यांच्या मशीनवर अनेकदा दोन-दोन ग्रेडल डेमन चालू असतात. टर्मिनल एक जेडीके वापरतं, स्टुडिओ स्वतःसोबत आलेला दुसरा, आणि जेडीके जुळला नाही की ग्रेडल चालू डेमन न वापरता नवा उभा करतो. टर्मिनलमध्ये ‘इनकम्पॅटिबल डेमन’ असा उल्लेख दिसला तर हेच झालंय असं समजा. स्टुडिओच्या सेटिंग्जमध्ये ग्रेडलचा जेडीके आणि संगणकाचा ‘जावा होम’ एकाच ठिकाणी वळवले की एक अख्खा डेमन वाचतो. रिकामा डेमन आपोआप मरायला तीन तास घेतो. तेवढा धीर नसेल तर ग्रेडल रॅपरला ‘स्टॉप’ ही आज्ञा द्या. टास्क मॅनेजरमधून ‘एंड टास्क’ करण्यापेक्षा हे केव्हाही बरं, कारण बिल्ड चालू असताना प्रोसेस मारली तर अर्धवट लिहिलेल्या फाइली मागे राहतात आणि पुढच्या बिल्डमध्ये नवंच दुखणं निघतं.

आधी टर्मिनलला विचारा

निदानाची एकच पायरी करायची असेल तर ही करा. स्टुडिओत बिल्ड फसला की तोच बिल्ड टर्मिनलमधून ग्रेडल रॅपरने चालवून बघा. तिथेही तीच चूक आली, तर दोष प्रोजेक्टमध्ये किंवा ग्रेडलच्या मांडणीत आहे. मग स्टुडिओचे कॅशे पुसून, स्टुडिओ पुन्हा टाकून काडीचाही फरक पडणार नाही. टर्मिनलमध्ये बिल्ड नीट झाला आणि स्टुडिओत मात्र अख्खी फाइल लाल दिसतेय, तर दोष स्टुडिओच्या इंडेक्समध्ये किंवा सिंकमध्ये आहे. मग कोड बदलत बसू नका. दोन मिनिटांच्या या चाचणीने निम्मी धावपळ वाचते, तरी ती फार कमी लोक करतात.

प्रोजेक्टकडे बोट गेलं, तर सर्वांत आधी आवृत्त्यांचा मेळ पाहा. स्टुडिओ, अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन, ग्रेडल आणि जेडीके हे चौघे एकमेकांना बांधलेले आहेत. प्लगइन ७.० ला जेडीके ११ लागतो, ८.० ला १७. प्लगइन ८.० ला ग्रेडलही किमान ८.० हवा. गिटहबवरून चार-पाच वर्षांपूर्वीचा प्रोजेक्ट उतरवून नव्या स्टुडिओत उघडला की जो गोंधळ उडतो, तो बहुधा इथला. अशा जुन्या प्रोजेक्टमध्ये ‘जेसेंटर’ची ओळही सापडते. त्या भांडाराचे मालक जेफ्रॉग यांनी २०२१मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. ती ओळ काढून ‘मॅव्हन सेंट्रल’ लिहा आणि जी लायब्ररी तिथे मिळत नाही तिला पर्याय शोधा. इथे स्टुडिओला शिव्या देण्यात अर्थ नाही.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांना आणखी एक रोग छळतो. ग्रेडलची झिप फाइल उतरताना नेट गेलं, की अर्धी फाइल डिस्कवर राहते आणि पुढे प्रत्येक सिंक झिप उघडता येत नसल्याच्या चुकीने पडतो. यावर उपाय सोपा आहे. तुमच्या युजर फोल्डरमधल्या ‘डॉट ग्रेडल’च्या आत ‘रॅपर’, त्याच्या आत ‘डिस्ट्स’ असं फोल्डर असतं. तिथलं फक्त त्या आवृत्तीचं फोल्डर काढून पुन्हा सिंक करा. सबंध ‘डॉट ग्रेडल’ उडवलंत तर सगळ्या लायब्ऱ्या पुन्हा उतरतील आणि दिवसाचा डेटा त्यातच संपेल. रॅपरच्या फाइलमध्ये शेवटी ‘ऑल’ लिहिलेलं असेल तर ते ‘बिन’ करा. त्या झिपमध्ये ग्रेडलचा सोर्स आणि कागदपत्रं नसतात, त्यामुळे ती बरीच हलकी असते. आणि एकदा सगळं उतरलं की ग्रेडलच्या पॅनेलमधला ‘ऑफलाइन मोड’ चालू ठेवून निवांत काम करता येतं.

खिडकीच गोठते तेव्हा

बिल्ड ठीक चाललाय, पण संपादकच दगड होऊन बसला, हा प्रकार वेगळा. स्टुडिओचा चेहरामोहरा जावाच्या स्विंगवर उभा आहे आणि स्विंगमध्ये पडदा रंगवणं, कळ दाबल्याची दखल घेणं हे सगळं एकाच थ्रेडवर चालतं. त्या थ्रेडला कुणी जड काम दिलं किंवा दुसऱ्या कामासाठी थांबवून ठेवलं, की खिडकी गोठते. गुन्हेगार बऱ्याचदा एखादं प्लगइन असतं.

सुदैवाने स्टुडिओ त्याचा पुरावा स्वतःच लिहून ठेवतो. ‘हेल्प’ मेनूतून लॉगचं फोल्डर उघडा. तिथे ‘थ्रेड डम्प्स फ्रीझ’ असं नाव आणि पुढे तारीख-वेळ असलेली फोल्डरं दिसतील. खिडकी काही सेकंदांहून जास्त गोठली की अशी नोंद होते. आतली फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून ‘एडब्ल्यूटी इव्हेंट क्यू’ नावाच्या थ्रेडखालच्या ओळी वाचा. जावा न शिकलेल्या माणसालाही त्यात एखाद्या प्लगइनचं किंवा कंपनीचं नाव ओळखता येतं. तीन-चार नोंदींत तेच नाव पुन्हा पुन्हा दिसलं, तर ते प्लगइन बंद करा. नाव दिसत नसेल तर प्लगइनच्या पानावरून बाहेरून टाकलेली सगळी प्लगइन एकदम बंद करून पाहा, मग निम्मी निम्मी चालू करत जा. ज्यांच्याकडे एआय सहायकाची दोन आणि गिटची आणखी दोन प्लगइन आहेत, त्यांनी तर एवढी तपासणीही करू नये. आधी जोडीतलं एक काढावं.

गोठणं थोडं आणि मंदपणा जास्त असेल तर खालच्या पट्टीवर ‘इंडेक्सिंग’ चालू आहे का ते पाहा. त्या वेळात ऑटोकम्प्लीट आणि शोध बंद असणं स्वाभाविक आहे. ते दर वेळी लांबत असेल तर प्रोजेक्टच्या आत नोड मॉड्यूल्स, व्हिडिओ, डेटासेट असं काही मोठं फोल्डर पडलेलं असतं. रिॲक्ट नेटिव्ह वापरणाऱ्यांना हे हमखास भेटतं. त्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘एक्सक्लुडेड’ अशी खूण करा. आणि प्रवासात बॅटरीवर काम करताना ‘फाइल’ मेनूतला ‘पॉवर सेव्ह मोड’ लावा. मागची तपासणी थांबते आणि स्टुडिओ साध्या संपादकासारखा हलका होतो. लाल-पिवळ्या सूचना दिसत नाहीत, एवढी किंमत मोजावी लागते.

‘इनव्हॅलिडेट कॅशेस’चं काय? ते निरुपयोगी नाही, पण ते फक्त इंडेक्स बिघडल्यावरचं औषध आहे. ग्रेडलच्या चुकीवर ते चालत नाही. शिवाय त्यानंतर सगळं इंडेक्सिंग पहिल्यापासून होतं. त्याआधी ‘फाइल’ मेनूतलाच ‘रिपेअर आयडीई’ वापरा. तो एकेक पायरी करतो, प्रत्येक पायरीनंतर ‘सुटलं का’ असं विचारतो आणि सुटलं की थांबतो. कॅशे पुसायचेच असतील तर त्या खिडकीतल्या ‘लोकल हिस्ट्री’च्या चौकटीवर बरोबरची खूण करू नका. गिटमध्ये कमिट न करता तासन्‌तास कोड लिहिणाऱ्यांसाठी चुकून पुसलेली फाइल परत मिळवायचा तोच एक मार्ग असतो.

पुन्हा इन्स्टॉल करण्याबद्दल एवढंच की, साध्या अनइन्स्टॉलमध्ये सेटिंग्ज आणि कॅशे बहुधा जागेवरच राहतात, ‘डॉट ग्रेडल’ तर राहतंच. जुनं दुखणं नव्या स्टुडिओत जसंच्या तसं परत येतं ते त्यामुळे. त्याऐवजी स्टुडिओ बंद करून सेटिंग्जच्या फोल्डरचं नाव बदला. स्टुडिओ कोऱ्या सेटिंग्जने उघडेल. तरीही बिघाड तसाच राहिला तर जुनं नाव परत द्या.

विंडोजवरची तीन विघ्नं

पहिलं मराठी माणसाच्या खास वाट्याचं. विंडोजवर प्रोजेक्टच्या पत्त्यात देवनागरी अक्षर असेल तर अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन बिल्डच थांबवतो. पत्त्यात इंग्रजीबाहेरची अक्षरं आहेत, बिल्ड फसण्याची शक्यता आहे, असं तो स्पष्ट सांगतो. ही तपासणी बंद करणारी ओळही त्याच संदेशात असते आणि बरेच जण ती चिकटवून मोकळे होतात. तसं करू नका. तपासणी बंद होते, अडचण तशीच राहते आणि पुढे एखादं साधन अगम्य चूक देऊन पडतं. ‘माझे प्रोजेक्ट’ हे फोल्डर हलवणं सोपं आहे. पण संगणकावरचं युजरचं नावच देवनागरीत असेल तर घरचं फोल्डरही देवनागरी होतं आणि एम्युलेटरसुद्धा चालायला कुरकुरतो. अशा वेळी सी ड्राइव्हवर छोट्या इंग्रजी नावाचं, मधे स्पेस नसलेलं फोल्डर करून प्रोजेक्ट आणि एसडीके तिथे न्या. ग्रेडलचं घर आणि एम्युलेटरचं घरही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वापरून तिकडे वळवता येतं. पत्ता छोटा ठेवण्याचा आणखी एक फायदा असा की विंडोजची २६० अक्षरांची जुनी मर्यादा आडवी येत नाही.

दुसरं वनड्राइव्ह. नव्या लॅपटॉपवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरं अनेकदा आपोआप वनड्राइव्हला जोडलेली असतात. बिल्ड सेकंदाला शेकडो छोट्या फाइली लिहितो-पुसतो आणि वनड्राइव्ह त्याच फाइली वर पाठवायला धरून ठेवतो. ‘फाइल पुसता आली नाही’ या चुकीचं मूळ तिथे असू शकतं. तिसरं अँटिव्हायरस. प्रत्येक फाइल उघडताना तो ती तपासतो. स्टुडिओ याची सूचना देऊन प्रोजेक्टची फोल्डरं वगळायला सुचवतो, पण आपण ती न वाचताच बंद करतो. घरच्या मशीनवर प्रोजेक्ट, ‘डॉट ग्रेडल’ आणि एसडीके वगळा. ऑफिसच्या मशीनवर आधी आयटी विभागाला विचारा.

हा अँटिव्हायरसचा मुद्दा गूगलच्याही उशिराच ध्यानात आला. २०१६च्या स्टुडिओ २.० बरोबर ‘इन्स्टंट रन’ वाजतगाजत आलं. कोड बदला आणि अ‍ॅप बंद न करता बदल दिसेल, असं सांगितलं गेलं. प्रत्यक्षात बदल कधी दिसे, कधी नाही, आणि लोकांनी पहिलं काम काय केलं, तर ते बंद करून टाकलं. २०१८च्या अखेरीस गूगलने ‘प्रोजेक्ट मार्बल’ जाहीर केला. काही महिने नवी वैशिष्ट्यं बाजूला ठेवून फक्त डागडुजी करायची, असा तो बेत होता. ऑगस्ट २०१९मध्ये आलेल्या ३.५ आवृत्तीत ६००हून अधिक बग आणि मेमरी गळतीची ५० ठिकाणं दुरुस्त केल्याचं त्यांनी सांगितलं, इन्स्टंट रनच्या जागी ‘अप्लाय चेंजेस’ आणलं आणि अँटिव्हायरसची ती सूचनाही तेव्हाच आली. माझ्या मते स्टुडिओच्या इतिहासातलं सर्वांत शहाणपणाचं प्रकाशन ते होतं. जाहिरातीत दाखवण्यासारखं त्यात जवळपास काहीच नव्हतं.

एम्युलेटरबद्दल माझं मत सरळ आहे. आठ जीबीवर तो रोज चालवू नका. हातातला फोन यूएसबीने जोडा. ‘अबाउट फोन’मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपरचे पर्याय खुले होतात. अँड्रॉइड ११पासून वायरशिवायही जोडता येतं. फोनचा पडदा लॅपटॉपवर हवा असेल तर ‘एससीआरसीपीवाय’ हे मोफत साधन आहे. एम्युलेटर लागलाच, तर टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ टॅबवर सीपीयूखाली व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का ते पाहा; बंद असेल तर बायोसमधून चालू करा. इंटेलचं ‘हॅक्सम’ टाका असं सांगणारे जुने लेख बाजूला ठेवा, ते २०२३मध्ये बंद झालं. विंडोजच्या ‘हायपरवायझर प्लॅटफॉर्म’वर आता एम्युलेटर चालतो. आणि चालू होतानाच तो काळा पडला, तर ‘कोल्ड बूट’ करा. बहुतेक वेळा मागच्या वेळचा साठवलेला स्नॅपशॉट बिघडलेला असतो.

अपडेटचा मोह

नव्या आवृत्तीची सूचना कोपऱ्यात आली की बोट शिवशिवतं. पण सबमिशन किंवा रिलीज तोंडावर असताना त्या सूचनेला हात लावू नये. अपडेटमध्येही दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टुडिओ अपडेट करणं हा तुमच्या एकट्याचा निर्णय आहे. ग्रेडल प्लगइन अपडेट करणं हा सगळ्या टीमचा. टीममधल्या एकाने ‘अपग्रेड’वर क्लिक करून ते कमिट केलं, की जुना स्टुडिओ असलेल्या बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टच उघडत नाही. प्लगइन वाढवायचं ठरलंच, तर आधी सगळं कमिट करा, स्वतंत्र ब्रँचवर ‘अपग्रेड असिस्टंट’ चालवा आणि सगळ्यांचे स्टुडिओ जुळल्यावरच ते मुख्य ब्रँचमध्ये घ्या. नव्या स्टुडिओची चव घ्यायची असेल तर तो जुन्याच्या शेजारी, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवता येतो. कॅनरी आवृत्ती मात्र रोजच्या पोटापाण्याच्या कामाला वापरू नका.

अपडेटनंतर नेहमीची बटणं जागा बदलतात आणि चिडचिड होते. त्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि ‘ए’ या तीन कळा एकदम दाबा आणि हवी ती आज्ञा नावाने शोधा. मेनू कुठेही गेला तरी हा शोध त्याच जागी राहतो. मराठी अ‍ॅप करणाऱ्यांना आणखी एक बारीक त्रास होतो. मराठी स्ट्रिंग्जच्या फाइलमध्ये जोडाक्षरांवर कर्सर भलत्याच जागी दिसतो, कारण संपादकाच्या जेटब्रेन्स मोनो या फॉन्टमध्ये देवनागरी नाही आणि अक्षरं दुसऱ्याच फॉन्टमधून उसनी येतात. फॉन्टच्या सेटिंग्जमध्ये ‘फॉलबॅक फॉन्ट’ म्हणून एखादा चांगला देवनागरी फॉन्ट निवडा. दिसणं सुधारतं, कर्सर पूर्ण सुधारेलच असं नाही. लांब मजकूर बाहेर लिहून चिकटवणं अजूनही सोयीचं.

एवढं करूनही बिघाड उरला, तर तो कळवा, आणि असा कळवा की समोरच्याला तो घडवून बघता येईल. ‘हेल्प’मधल्या ‘अबाउट’मधून आवृत्तीची माहिती कॉपी करा, कोऱ्या प्रोजेक्टमध्ये तोच बिघाड होतो का ते पाहा, पायऱ्या क्रमाने लिहा आणि गोठण्याची तक्रार असेल तर ती थ्रेड डम्पची फाइल जोडा. लॉगमध्ये फोल्डरांचे पत्ते आणि प्रोजेक्टची नावं असतात. कंपनीचं काम असेल तर पाठवण्याआधी ती डोळ्यांखालून घाला. गूगलच्या इश्यू ट्रॅकरवर तीच तक्रार आधीच कुणी नोंदवलेली असेल, तर ‘मलाही हाच त्रास’ असं खाली लिहू नका. तशा प्रत्येक ओळीचा ई-मेल त्या नोंदीवर लक्ष ठेवून असलेल्या सगळ्यांना जातो. नोंदीशेजारचा तारा दाबा. किती जणांना त्रास आहे, ते तिथे ताऱ्यांवरून मोजलं जातं.